पहिल्या पिकाचा नारळ

बसवनगुडी, बेंगळूर
रविवार, ९ जुलै १९६१

ती. आत्यास,
चंद्रकांतचा सलाम.

तुझे पत्र मिळाले. कारखान्यात मी आता रुळलो आहे. पहिल्या पाळीला पहाटे कारखान्याची बस येते, तीन वाजता सुटका होते. तू विचारलेस की गाणे चालू आहे की लोखंडाने गिळले. चालू आहे.

इथे आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीची बावीस घरे आहेत. स्वतःचे मंदिर नाही. कंटोन्मेंटात तमिळ मंडळीचे आहे, त्यांची उपासना आटोपली की दुपारी तीनला आम्हाला मिळते. थोरले पंच कृष्णाजी साळवे आपल्या नगरचेच. रेल्वेतून निवृत्त झालेत, पण उपासना अजूनही गाडीसारखी मिनिटावर सोडतात. त्यांनी पेटी माझ्या हाती दिली आहे. मी केलेली दोन गाणी मंडळीने उचललीसुद्धा.

शिवाय शनिवारी संध्याकाळी मी नागोजीराव नावाच्या एका सद्गृहस्थांकडे गातो. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकायला तू हवी होतीस. "बन्नी बन्नी अण्णा, स्वल्प बसा, मग म्हणा," असे बोलतात; बन्नी म्हणजे या, स्वल्प म्हणजे जरा. त्यांच्याकडे जुनी मराठी माणसे जमतात, शिंपी, सुतार, एक शाळामास्तर. काल नवे गाणे म्हटले:

नाझरेथच्या सुतारा, रंधा घे हातात,
गाठी किती राहिल्या या माझ्या लाकडात.

म्हणून झाल्यावर सयाजी नावाचा सुतार म्हणाला, "गाणं चांगलं आहे. पण गाठीवर रंधा अडतो हो. गाठीला पटाशी लागते. तुमच्या येशूला ठाऊक असणार, तुम्हाला नाही." सगळे हसले. मी तिथल्या तिथे ओळ बदलली:

नाझरेथच्या सुतारा, पटाशी घे हाती,
गाठी माझ्या लाकडाच्या अजून या किती.

कशी वाटते ते कळव.

तुझा,
चंद्रकांत

·

अहमदनगर
२० जुलै १९६१

चि. चंद्रकांत यास,
आत्याचा आशीर्वाद.

सुताराला माझा सलाम सांग. बत्तीस वर्षे मी गावोगाव वचन सांगत फिरले. माना डोलावणारे पुष्कळ भेटले; चूक काढणारे फार थोडे. जो चूक काढतो तोच खरा ऐकत असतो. रंधा वरून गुळगुळीत करतो आणि आत सगळे तसेच ठेवतो. आपल्या पुष्कळशा उपासना अशाच असतात. पटाशी दुखवते. दुसरी ओळ लाख पटीने चांगली. तीच ठेव.

आता मला सांग, हे नागोजीराव कोणत्या मंडळीचे? तू नुसते "सद्गृहस्थ" लिहिलेस. सात वर्षांचा असताना तू शेजारच्या कैऱ्या आणल्यास, तेव्हा कुठून आणल्या म्हणून विचारले तर "एका झाडाच्या" म्हणाला होतास. मला झाडाचे नाव हवे आहे.

तुझी,
वसुमती आत्या

·

अहमदनगर
गुरुवार, ९ नोव्हेंबर १९६१

चंद्रकांत,

जुलैत मी प्रश्न विचारला. त्यानंतर तुझी तीन पत्रे आली आणि तिन्हींत बेंगळूरची हवा थंड असल्याचे कळले. माझ्या प्रश्नाचे उत्तर काल आले, कृष्णाजी साळव्यांच्या अक्षरात.

ते लिहितात, तुझे सद्गृहस्थ कॉफी क्लब चालवतात. तू तिथे, भिंतीवरच्या अंबाभवानीच्या तसबिरीखाली, उदबत्तीच्या धुरात बसून प्रभूची गाणी म्हणतोस आणि लोक इडली खात ऐकतात. हेही मी एक वेळ गिळले असते. पण २९ ऑक्टोबरला मंडळीने पहिल्या पिकाचा सण केला, त्या दिवशी तू प्रभूच्या मेजावर नारळ ठेवलास. मंडळीतल्या तानूबाईंनी मेज आवरताना तो उचलला, तर त्याच्या शेंडीखाली हळदकुंकू! तुला विचारले तर तू म्हणालास, नागोजीरावांनी दिला.

मूर्तीपुढचा नारळ प्रभूच्या मेजावर! तुझ्या आजोबांनी गावदेवीची पालखी उचलायला नकार दिला म्हणून गावाने त्यांचे पाणी तोडले. चार मैलांवरून पाणी आणले त्यांनी, पण मान वाकवली नाही. त्यांचा नातू कॉफीच्या दुकानात वाकला? आणि वाकलास तर वाकलास, मला फसवलेस! तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवले ते खोटे बोलू नकोस एवढे शिकवण्यासाठी. ते एवढेही जमले नाही मला?

पंचांचे म्हणणे तुला ठाऊकच आहे. वर्षाच्या शेवटच्या रविवारी मंडळीपुढे उभे राहायचे, पाप पदरी घ्यायचे, क्लब सोडायचा. नाही तर पेटी काढून घेतील, तुझी गाणी बंद होतील आणि प्रभुभोजनाला तुला बसता येणार नाही. मी त्यांना काय लिहू? माझे उत्तर ते मागत आहेत.

या शनिवारपासून तिथे पाय ठेवू नकोस. हा माझा हुकूम आहे. आणि एका प्रश्नाचे उत्तर दे, या वेळी तरी झाडाच्या नावासकट. तो माणूस तुला कॉफी कोणत्या पेल्यात देतो?

वसुमती

·

बसवनगुडी
१४ नोव्हेंबर १९६१

ती. आत्यास,
सलाम.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. त्याच पेल्यात. शिंप्याला, मास्तरांना, सुताराला ज्या पितळी पेल्यात देतात त्याच. पहिल्याच दिवशी नागोजीरावांनी माझे गाव विचारले, घराणे विचारले. मी सगळे सांगितले: कुठला वाडा, आजोबांनी धर्म का बदलला, सगळे. ते म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. "साखर स्वल्प जास्त की बेताची?" एवढेच.

मी क्लबचे नाव लपवले, ही माझी चूक. लिहिले तर तू बंद करशील अशी भीती होती. आणि ते बंद झालेले मला चालणार नव्हते, आत्या. मंदिरात मी गातो तेव्हा बावीस घरे ऐकतात, आणि त्यांना ती गोष्ट पाठ आहे. क्लबात मी "हरवलेल्या मेंढरा"चे गाणे म्हटले तेव्हा शिंपी मधेच म्हणाला, "मग? सापडलं का?" त्याला खरेच माहीत नव्हते! पुढचे कडवे मी त्याच्याकडे बघून म्हटले. आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी विचारले होते, सापडले का म्हणून.

तसबीर आहे. उदबत्तीही असते. मी त्यांना ती काढायला सांगत नाही, ते मला गाण्यातून प्रभूचे नाव काढायला सांगत नाहीत.

आता नारळ. क्लबाला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी गाणे संपल्यावर नागोजीराव ताट घेऊन आले. पाने, सुपारी, केळी, नारळ. इथे गवयाचा मान तसाच करतात. "घ्या अण्णा," म्हणाले आणि नारळ माझ्या हातात दिला. वरून टाकला नाही. त्यांची बोटे माझ्या तळहाताला लागली. तूच सांगायचीस, आजोबांना पाटील बलुत्याची भाकर द्यायचा तर हात उंच धरून सोडायचा, पडली तर धुळीतून उचलावी लागे. आपल्या घराण्यात पहिल्यांदा कुणी परक्याने मानाचे काही हाताला हात लागू देऊन दिले.

आठवड्याने पिकाचा सण आला. नगरला लोक कणसे आणायचे, कोंबडी आणायचे. इथे सगळे कारखान्यातले. मी काय नेऊ? मी केलेले स्क्रू सरकारचे. माझे म्हणावे असे पीक एकच होते. ते मी मेजावर ठेवले. हळदकुंकू पुसायचे माझ्या मनातही आले नाही.

तो देवीपुढे ठेवला होता का, मला माहीत नाही. मी विचारले नाही. आता कसे विचारू? विचारले तर का विचारतो ते सांगावे लागेल, आणि त्यांच्या नारळाने आमच्याकडे विटाळ झाला, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? विटाळ! आपण हा शब्द वापरायचा, आत्या?

तुझा हुकूम मानतो. येत्या शनिवारपासून जाणार नाही. पण वर्षअखेरीला काय करू, ते मला सांग.

चंद्रकांत

·

बसवनगुडी
१० डिसेंबर १९६१

ती. आत्यास,
सलाम.

सव्वीस दिवस झाले, तुझे पत्र नाही. तू मला टाकलेस असे समजू का?

चार शनिवार मी गेलो नाही. नागोजीराव खोलीवर आले. मी घसा बसल्याचे सांगितले. तेव्हापासून ते रोज सकाळी मिऱ्याचा काढा पाठवतात. माझा घसा ठणठणीत आहे आणि मी रोज तो काढा पितो. इतकी कडू गोष्ट मी कधी प्यालो नव्हतो.

साळवे काल म्हणाले, "एक वाक्य बोलायचं आहे, चंद्रकांत. माझ्याकडून देवाचा अपमान झाला, एवढं बोल. पेटी तुझीच." बोलून टाकावे असे वाटू लागले आहे. गाणी तरी वाचतील.

चंद्रकांत

·

अहमदनगर
१६ डिसेंबर १९६१

चि. चंद्रकांत यास,
आत्याचा आशीर्वाद.

टाकायला तू काय फुटके मडके आहेस? मी तीन पत्रे लिहिली आणि तिन्ही फाडली. चौथे हे.

तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे. तू माझ्यापासून कॉफी क्लब लपवलास, मी तुझ्यापासून वांबोरीचा बाजार लपवला. १९३४ साली मी दर आठवड्याला तिथे उभी राहायचे, कांद्याच्या ढिगाऱ्याशेजारी, हातात एकतारी घेऊन. कुणी थुंकायचे, कुणी शीळ घालायचे. आणि कुणी सूप खाली ठेवून ऐकायचे. त्या वर्षी पंचांनी ठराव केला की बाईने बाजारात उभे राहणे मंडळीला शोभत नाही. मी एक वाक्य बोलले, "माझी चूक झाली." त्यांनी मला आज्ञाधारकपणाचे प्रशस्तिपत्र दिले. तेव्हापासून मी घराघरांत, बायकांच्या बैठकीत बोलले. बरी कामे झाली, नाही म्हणत नाही. पण ते वाक्य खोटे होते. ज्यात पाप नव्हते त्याला मी पाप म्हटले, आणि देवापुढे उभे राहून म्हटले. सत्तावीस वर्षे ते माझ्या घशात आहे. त्याला मिऱ्याचा काढा चालत नाही.

म्हणून नीट ऐक. तो हुकूम मी परत घेते. तो मी रागाने दिला नव्हता, भीतीने दिला होता. राग वरचा होता.

नारळ मेजावर ठेवलास, हे पाप नाही. तू प्रेमाने मिळालेले प्रेमाने ठेवलेस. तो देवीपुढचा असला तरी नाही! नारळ झाडाला लागतो आणि झाड देवाचे आहे. मधल्या माणसाने त्याला किती टिळे लावले म्हणून त्याचा धनी बदलत नाही. आणि जे मेज एका नारळाने बाटते, ते मेज तुझ्या आजोबांनी कशासाठी धरले? बाटण्याचा धंदा सोडूनच आपण इथे आलो ना? दार बदलून आत तीच उतरंड मांडायची असेल तर गावकुसाबाहेरचे घर काय वाईट होते?

पण तुझी चूक आहे, आणि ती साळव्यांनी पकडली नाही. तू लपवलेस. माझ्यापासून क्लब, मंडळीपासून नारळाचे घर, आणि आता त्या भल्या माणसापासून खरे कारण. त्याला सांग. आधी त्याला, मग मंडळीला. लपवल्याची माफी माग, मोकळेपणी माग. गायल्याची मागू नकोस. पेटी गेली तर जाऊ दे. प्रभुभोजन काढून घेतले तर मी नगरहून येईन आणि तुझ्या शेजारी, मागच्या बाकावर, रिकाम्या हाताने बसेन.

साळव्यांना मी आजच लिहिले आहे. चार ओळी. ते चिडतील. माणूस वाईट नाही तो, घाबरलेला आहे. आपण सगळे थोडे थोडे पाण्यासाठी चार मैल चालून आलेले लोक आहोत. भांडे हिंदकळले की जीव जातो.

तुझी,
वसुमती आत्या

·

बसवनगुडी
रविवार, ७ जानेवारी १९६२

ती. आत्यास,
सलाम.

सगळे क्रमाने सांगतो.

तुझे पत्र मिळाले त्याच संध्याकाळी क्लबात गेलो. नागोजीराव गल्ल्यावर होते. मी म्हणालो, "माझा घसा बरा आहे. पहिल्यापासून बरा होता." मग सगळे सांगितले, शेंडीखालच्या हळदकुंकवासकट. ते बराच वेळ फडक्याने एकच पेला पुसत राहिले. मग म्हणाले, "महिनाभर काढा प्यालात?"

"हो."

"मिरी स्वल्प कमी घालायला सांगायचं नाही का!"

आणि हसले. पण डोळे हसले नाहीत. नंतर म्हणाले, "अण्णा, तो नारळ गांधी बाजारातला. हळदकुंकू मान म्हणून लावलं. देवीपुढचा नारळ मी तुम्हाला कसा देईन? तुमचा देव वेगळा, मला कळत नाही का? मी तुमच्या देवाचा मान ठेवला, आणि तुमच्या लोकांना वाटलं मी अपमान केला." मला मान वर करता येईना. त्यांनी कॉफी पुढे केली. त्याच पेल्यात.

आत्या, आता माझ्या हातात सुटकेची किल्ली होती. नारळ देवीचा नव्हताच! एवढे साळव्यांना सांगितले की खटला संपला. रात्रभर विचार केला आणि ठरवले, हे सांगायचे नाही. नारळ निर्दोष निघाला म्हणून मी सुटलो, तर उद्या केळी येतील, परवा फुले येतील, आणि दर वेळी आम्ही शेंडी उलटून बघत बसू. नागोजीरावांना विचारले, "तुमच्याबद्दलचा गैरसमज तसाच राहील, चालेल का?" म्हणाले, "माझं मी बघतो. तुम्ही तुमचं बघा."

३१ तारखेला उपासनेनंतर उभा राहिलो. लपवल्याची माफी मागितली. पितळी पेल्याचे सांगितले, हाताला लागलेल्या बोटांचे सांगितले, शिंप्याचा प्रश्न सांगितला. म्हणालो, "गाणे मी सोडणार नाही, कारण तिथे अजून एक माणूस मेंढरू सापडले का म्हणून विचारतो आहे. नारळ देवीपुढचा होता की नव्हता, हे मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. तो देणाऱ्याचा हात मला ठाऊक आहे, तेवढे पुरे."

साळवे उठले. "म्हणजे पंचांचा निर्णय मान्य नाही?"

मी म्हणालो, "निर्णय मान्य आहे. पेटी ही ठेवली. पाप मान्य नाही."

तेव्हा तानूबाई उठल्या, ज्यांनी तो नारळ धरला होता. त्या म्हणाल्या, "मीच ओरडले होते त्या दिवशी. मग घरी गेले आणि नारळ फोडला, टाकवेना म्हणून. पोरांना चटणी केली. कुणाचं पोट दुखलं नाही. आता मलाही उभं करा मंडळीपुढं." मागच्या बाकांवर हशा पिकला. साळवे मात्र हसले नाहीत. शेवटी पंचांनी असे ठरवले: पेटी सहा महिने दुसऱ्याकडे, माझी गाणी मंडळी म्हणू शकेल, पण मला पुढे होऊन म्हणता येणार नाहीत, प्रभुभोजनाची बंदी नाही. तुझ्या चार ओळींत काय होते ते साळव्यांनी वाचून दाखवले नाही, पण तो कागद त्यांच्या हातात शेवटपर्यंत होता.

आणि काल शनिवार. क्लबात गेलो तर आपल्या मंडळीची सात माणसे आधीच बसलेली. तानूबाई दोन्ही नाती घेऊन आलेल्या. आपल्या लोकांनी आधी तसबिरीकडे चोरून पाहिले, मग भज्यांकडे उघडपणे. नागोजीरावांनी गल्ल्यावरून घोषणा केली, "आज मिऱ्याचा काढा नाही. ज्यांना पाहिजे त्यांनी खोटं बोलून मागावा."

मी सुरू करणार, एवढ्यात सयाजी सुताराने दाराकडे बोट दाखवले. बाहेर रस्त्यावरच्या बाकावर कृष्णाजी साळवे बसले होते, छत्री उघडून, क्लबाकडे पाठ करून. नागोजीराव स्वतः कॉफी घेऊन गेले. "बन्नी साहेब, आत या." ते म्हणाले, "मी इथे बसची वाट पाहतो आहे." त्या गल्लीतून बस जात नाही, आत्या.

मी पटाशीचे गाणे घेतले. पहिले कडवे झाले. दुसरे झाले. आतले सगळे गुणगुणू लागले, आणि बाहेरून, पाठमोऱ्या छत्रीतून आवाज आला:

"चंद्रकांत, मोठ्याने म्हण! इकडे काही ऐकू येत नाही."

तुझा,
चंद्रकांत

·

अहमदनगर
१३ जानेवारी १९६२

चि. चंद्रकांत यास,
आत्याचा आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचले, दोनदा शेजारणींना मोठ्याने. देवीचा नव्हता हे तू सांगितले नाहीस, तिथे मी उठून उभी राहिले, खोलीत एकटी असताना.

साळव्यांना आत ओढू नकोस. कुणी त्यांची थट्टाही करू नये, तानूबाईंना हे बजावून सांग. मात्र नागोजीरावांना माझा सलाम सांग आणि म्हणावे, ते बाक भिंतीच्या सावलीत सरकवा. संध्याकाळी तिथे ऊन येत असणार, नाही तर छत्री कशाला? साळवे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. आणि त्यांच्या कॉफीत साखर बेताची.

तुझी,
वसुमती आत्या